रॅम शिल्लक असताना ‘मेमरी नाही’ का? ३जी/१जी, २जी/२जी आणि ॲड्रेस स्पेसचा हिशोब

शिरोली एमआयडीसीत काम करणाऱ्या एका तरुण इंजिनिअरचा प्रश्न आहे. थोडक्यात मांडतो. फौंड्रीत कास्टिंगचे दोष पकडण्यासाठी त्यांनी चार कॅमेऱ्यांची यंत्रणा बसवली आहे. बोर्ड ३२-बिट एआरएम, रॅम २ जीबी, वर लिनक्स. सकाळच्या शिफ्टला प्रोग्राम सुरू केला की दुपारपर्यंत व्यवस्थित चालतो, मग ६० एमबीचा एक बफर मागताना ‘कॅनॉट अलोकेट मेमरी’ म्हणतो आणि बंद पडतो. त्याच क्षणी ‘फ्री’ कमांड मात्र १.१ जीबी मोकळी दाखवते. त्यांना कोणीतरी सांगितलं की कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, कॉन्फिगमधला मेमरी स्प्लिट (पत्त्यांची वाटणी) ३जी/१जी वरून २जी/२जी करा, कर्नलला जास्त जागा मिळेल आणि त्रास थांबेल. करावं का? शिवाय पुढच्या वर्षी ६४-बिट बोर्ड घ्यायचा विचार आहे, तर तिथे व्हर्च्युअल ॲड्रेस (प्रोग्रामला दिसणारा पत्ता) ३९ बिटांचा ठेवायचा की ४८?

पहिल्याचं उत्तर आधी देतो: तुम्ही जे आकडे दिलेत त्यावरून २जी/२जी अजिबात करू नका. आज दुपारी बंद पडणारा प्रोग्राम उद्या सकाळी चहाच्या सुट्टीआधी बंद पडेल. पण तो सल्ला देणारा माणूस सर्वस्वी चुकीचा नाही. त्याने पाहिलेला आजार वेगळा असणार आणि त्या आजारावर तेच औषध आहे. बाहेरून दोन्हींची लक्षणं सारखीच दिसतात, म्हणून इथे फसगत होते.

खरा प्रश्न ‘मेमरी किती आहे’ हा नाहीच. ‘पत्ते किती आहेत, आणि कोणाच्या वाट्याचे संपले’ हा आहे.

३२-बिट प्रोसेसरवर पत्ता ३२ बिटांचा असतो, म्हणजे एकूण ४,२९,४९,६७,२९६ बाइट, आपल्या भाषेत ४ जीबी. बोर्डावर ५१२ एमबी रॅम असो की २ जीबी, प्रत्येक प्रोग्रामला दिसणारी पत्त्यांची ही पट्टी ४ जीबीचीच. ती ४ केबीच्या पानांमध्ये विभागलेली असते आणि कुठलं पान रॅममध्ये कुठे आहे याची नोंद पेज टेबलमध्ये असते. बऱ्याच पानांची नोंदच नसते, कारण तिथे अजून कोणी हात लावलेला नसतो. नव्या वसाहतीचा लेआउट मंजूर झाला की प्लॉटना नंबर पडतात, घरं नंतर केव्हातरी बांधली जातात. व्हर्च्युअल ॲड्रेस म्हणजे तो प्लॉट नंबर आणि रॅम म्हणजे बांधलेलं घर. मॅलॉक किंवा एममॅप (मेमरी मागायचे कॉल) केलं की आधी फक्त नंबर मिळतात. पान पहिल्यांदा वापरलं की पेज फॉल्ट येतो आणि तेव्हा कर्नल खरी रॅम लावतो. ‘फ्री’ तुम्हाला घरांचा हिशोब सांगतं. नंबर संपलेत का, याबद्दल ते एक अक्षर सांगत नाही.

आता या ४ जीबीची वाटणी. ही पट्टी एकटा प्रोग्राम वापरत नाही, वरच्या टोकाला कर्नल बसलेला असतो. ३जी/१जी म्हणजे खालचे ३ जीबी प्रोग्रामचे, वरचा १ जीबी कर्नलचा. कर्नलला प्रत्येक प्रोग्रामच्या पट्टीत जागा का द्यायची, असं बरेच जण विचारतात. कारण वेगाचं आहे. सिस्टिम कॉल किंवा इंटरप्ट आला की पेज टेबल न बदलता लगेच कर्नलचा कोड चालू होतो, टीएलबी (नुकत्याच वापरलेल्या पत्त्यांची प्रोसेसरमधली नोंद) रिकामा करावा लागत नाही. दोघांना वेगवेगळे पूर्ण ४ जीबी देण्याचा प्रयोगही झाला होता. इंगो मोलनार यांनी २००३ मध्ये ४जी/४जीचा पॅच लिहिला आणि रेड हॅटच्या ‘ह्यूजमेम’ कर्नलमध्ये तो काही वर्षं होता. जागा मिळायची, पण प्रत्येक सिस्टिम कॉलला टेबल बदलण्याची किंमत मोजावी लागायची, आणि मुख्य कर्नलमध्ये तो गेला नाही. पुढे जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली सुरक्षेची त्रुटी उघडकीस आल्यावर सुरक्षेसाठी पेज टेबल वेगळी करावीच लागली, पण ते जागा वाढवण्यासाठी नव्हतं.

कर्नलच्या वाट्याच्या त्या १ जीबीत काय असतं ते नीट बघा, कारण घोडं इथेच पेंड खातं. त्यातला मोठा भाग म्हणजे रॅमचं सरळ, एकास एक मॅपिंग. याला लोमेम म्हणतात. उरलेल्या भागात व्हीमॅलॉकची जागा (रॅममधली विखुरलेली पानं कर्नल इथे सलग पत्त्यांवर मांडतो), डिव्हाइसची रजिस्टरं मॅप करायची जागा आणि इतर किरकोळ गोष्टी. एआरएमवर नेहमीच्या सेटिंगला लोमेम साधारण ७६० एमबी येतो, ३२-बिट एक्स८६ वर ८९६ एमबी. बोर्डावर रॅम यापेक्षा जास्त असेल तर वरची सगळी हायमेम. तुमच्या २ जीबीपैकी जवळजवळ १२८८ एमबी हायमेममध्ये आहे. ती फुकट जात नाही. प्रोग्रामची पानं आणि फाइलींचा पेज कॅश तिथे आरामात राहतात. पण कर्नलच्या स्वतःच्या गोष्टी, म्हणजे आयनोड आणि डेंट्री (फाइलींच्या आणि त्यांच्या नावांच्या नोंदी), नेटवर्कचे बफर, थ्रेडचे कर्नल स्टॅक, यांना लोमेमच लागतो. हायमेममध्ये कितीही जागा असली तरी त्यांना तिचा उपयोग नाही.

म्हणजे ‘मेमरी नाही’ या एका तक्रारीमागे तीन निरनिराळ्या टंचाया असू शकतात: प्रोग्रामच्या वाट्याचे पत्ते संपले, कर्नलचा लोमेम संपला, किंवा व्हीमॅलॉकची जागा संपली. स्प्लिट बदलला की एकाची जागा दुसऱ्याला जाते. नवीन जागा कुठूनही येत नाही. म्हणून मेन्यूकॉन्फिग (कर्नलच्या सेटिंगचा मेन्यू) उघडायच्या आधी कोण उपाशी आहे ते ठरवायचं.

तुमच्या बाबतीत ते ठरवायला तुम्हीच दिलेली माहिती पुरेशी आहे. ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, काहीच आलेलं नाही, असं तुम्ही लिहिलंत. हा सगळ्यात मोठा पुरावा. लोमेम संपला असता तर ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोग्राम मारणारा कर्नलचा भाग) गोंधळ घातला असता आणि लॉगमध्ये पानभर मजकूर दिसला असता. व्हीमॅलॉक संपला असता तर ‘व्हीमॅप अलोकेशन फेल्ड’ अशा अर्थाची ओळ आली असती. कर्नल गप्प आहे आणि प्रोग्रामच्या हातात ‘ईनोमेम’ (‘मेमरी नाही’चा एरर) आलाय, म्हणजे बहुतेक प्रोग्रामच्या वाट्यात तेवढी सलग मोकळी जागा नव्हती. दुसरा पुरावा: प्रॉकखालच्या मेमइन्फोमध्ये लोफ्री, म्हणजे मोकळा लोमेम, २१० एमबी. कर्नल उपाशी नाही. तिसरा, आणि निर्णायक: प्रोग्रामच्या स्टेटस फाइलमध्ये व्हीएमपीक २.९ जीबी आणि व्हीएमआरएसएस ४१० एमबी. म्हणजे प्रोग्रामने २.९ जीबीचे पत्ते अडवून ठेवलेत आणि प्रत्यक्ष रॅम अर्धा जीबीसुद्धा वापरत नाही. ३ जीबीची हद्द एआरएमवर पूर्ण ३ जीबीही नसते. कर्नल मॉड्यूलसाठी वरच्या टोकाचे साधारण १६ एमबी राखलेले असतात. २.९ला पोचलेला प्रोग्राम भिंतीला टेकलेला आहे.

एक सावधगिरी. ‘ईनोमेम’ येण्याची आणखी काही कारणं आहेत, ती आधी बाजूला काढा. ‘यूलिमिट’चा (प्रोसेसच्या मर्यादा ठरवणारी कमांड) व्हर्च्युअल मेमरीवरचा बंध कोणी लावलाय का? ओव्हरकमिट मेमरी २ वर, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपलीकडे मेमरी कबूल न करण्यावर, ठेवलीय का? तसं असेल तर मेमइन्फोतला ‘कमिटेड’चा आकडा ‘कमिट लिमिट’शी ताडून बघा. मॅपिंगची संख्या ६५,५३०च्या मूळ मर्यादेला टेकलीय का? तुमच्या वर्णनावरून यातलं काही वाटत नाही, पण तिन्ही तपासायला दोन मिनिटं पुरतात.

आता हे २.९ जीबी गेले कुठे? तुमच्या स्टेटस फाइलमध्ये थ्रेडची संख्या १८६ आहे. कॅमेऱ्याची लायब्ररी, वेब सर्व्हर, पीएलसीशी (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरशी) बोलणारा भाग, सगळ्यांनी आपापले थ्रेड काढलेत. जीलिबसी ही लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी प्रत्येक नव्या थ्रेडला स्टॅकसाठी ‘यूलिमिट’मधल्या स्टॅकच्या मर्यादेएवढे पत्ते राखून ठेवते, आणि ती मर्यादा बहुतेक ठिकाणी ८ एमबी असते. १८६ गुणिले ८ म्हणजे १,४८८ एमबी. तुमच्या वाट्याचा निम्मा भाग अशा स्टॅकनी अडवलाय ज्यांच्यातल्या बहुतेकांनी प्रत्यक्षात काही केबीच वापरल्या असतील. दुसरा मोठा खाऊ म्हणजे दिवसभराच्या नोंदींची फाइल. ती तुम्ही पूर्णच्या पूर्ण एममॅप करता आणि ती वाढेल तसं मॅपिंगही वाढवता. दुपारपर्यंत ती ७६८ एमबीची होते, असं तुमच्या मॅप्स फाइलमध्ये (प्रोग्रामच्या मॅपिंगची यादी) दिसतंय. प्रोग्राम नेमका दुपारी का पडतो याचं उत्तर हेच. बाकी कॅमेऱ्यांचे फ्रेम बफर साधारण ४०० एमबी, लायब्रऱ्या आणि हीप मिळून ३०० एमबीच्या आसपास. बेरीज २,९५६ एमबी. हिशोब जुळला.

यात आणखी एक बारकावा आहे. ३ जीबीतले शेवटचे शंभरेक एमबी मोकळे असले तरी ते एका जागी नसतात. इथे ५ एमबी, तिथे १२ एमबी अशी तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली असते ती जागा. तुम्हाला ६० एमबी सलग हवेत. मॅप्स फाइलमध्ये एका ओळीचा शेवट आणि पुढच्या ओळीची सुरुवात यांतलं अंतर काढत गेलात तर सगळ्यात मोठं भोक किती आहे ते कळेल. रोजच्या कामात मी एकूण मोकळ्या जागेपेक्षा या सगळ्यात मोठ्या भोकाचा आकडा जास्त बघतो. फाइलीचं मॅपिंग वाढवताना शेजारी जागा नसेल तर कर्नल ते उचलून दुसरीकडे नेतो. तेव्हा नव्या आकाराची पूर्ण सलग जागा लागते आणि मागे जुन्या आकाराचं भोक राहतं. त्या भोकात पुढे लहानसहान मॅपिंग येऊन बसतात आणि ते कायमचं तुटतं.

आता समजा तुम्ही २जी/२जी केलं. प्रोग्रामच्या वाट्याला २ जीबीतून १६ एमबी वजा, म्हणजे २,०३२ एमबी. लोमेम ७६० वरून १,७८४ एमबीच्या आसपास. कर्नलला जागाच जागा, आणि जो खरंच अडचणीत आहे त्याच्या तोंडचा घास काढून घेतलेला. मधला एक पर्यायही मेन्यूत दिसेल: ३जी/१जी, पण पूर्ण १ जीबी लोमेमसह. त्यात सीमा २.७५ जीबीवर येते. तो १ जीबी रॅमच्या बोर्डांसाठी आहे, म्हणजे हायमेमची गरजच पडू नये म्हणून. तुमच्यासाठी तोही उलट्या दिशेचा. एलपीएई किंवा पीएई (४ जीबीहून जास्त रॅम वापरायची सोय) चालू असेल तर असा पाऊण-पाव स्प्लिट निवडताच येत नाही, सीमा पूर्ण जीबीवरच लागते.

तुम्हाला करायचं काम प्रोग्रामच्या बाजूला आहे, कर्नलला हात न लावता. स्टॅक ८ एमबीवरून ५१२ केबीवर आणा. स्वतःच्या कोडमध्ये थ्रेड तयार करताना ॲट्रिब्यूटमध्ये स्टॅकचा आकार द्या. लायब्ररीच्या थ्रेडवर तुमचा ताबा नाही, तिथे प्रोग्राम सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये स्टॅकचा यूलिमिट ५१२ ठेवा, किंवा सिस्टिमडीच्या सर्व्हिस फाइलमध्ये तीच मर्यादा लिहा. जीलिबसी मूळ आकार तिथूनच उचलते. १८६ स्टॅक मग ९३ एमबीत बसतात आणि १,३९५ एमबी पत्ते मोकळे होतात. पण आंधळेपणाने करू नका. इमेज प्रोसेसिंगच्या कोडमध्ये लोक फंक्शनच्या आत मोठे ॲरे सर्रास जाहीर करतात, आणि तो कोड ५१२ केबीत मावला नाही तर सरळ सेगमेंटेशन फॉल्ट येईल. आधी एक पूर्ण शिफ्ट जुन्या सेटिंगवर चालवा आणि प्रॉकखालच्या एसमॅप्समध्ये प्रत्येक स्टॅकची खरी वापरलेली रॅम, म्हणजे आरएसएस, बघा. सगळ्यात मोठ्या आकड्याच्या चौपट ठेवलं की निर्धास्त. यूलिमिट मुख्य थ्रेडलाही लागू होतो हे विसरू नका. काही बोर्डांवर जीलिबसीऐवजी मसल ही दुसरी सी लायब्ररी असते, तिथे गोष्ट बरोबर उलटी. मसलचा मूळ स्टॅक १२८ केबीचा, त्यामुळे तिथे तो वाढवायची वेळ येते.

स्टॅकची मर्यादा ‘अनलिमिटेड’ करायचा सल्लाही तुम्हाला मिळेल. ३२-बिटवर तो टाळा. तसं केलं की कर्नल एममॅपची जागा वरून खाली देण्याऐवजी जुन्या पद्धतीने, प्रोग्रामच्या हद्दीच्या सुमारे एकतृतीयांशापासून वर द्यायला लागतो. मग मधोमध एक फट पडते आणि मोठं सलग भोक मिळणं आणखी अवघड होतं.

फाइलीचं: पूर्ण फाइल मॅप करायची गरज नाही. ६४ एमबीची एक खिडकी ठेवा आणि ती पुढे सरकवत न्या. नोंदी फक्त शेवटी जोडायच्या असतील तर एममॅप सोडून साधा राइट कॉल वापरा, काही बिघडत नाही. आणि ते ६० एमबीचे बफर प्रोग्राम सुरू होतानाच घेऊन ठेवा आणि तेच तेच पुन्हा वापरा. पट्टी कोरी असते तेव्हा मोठे तुकडे सहज मिळतात. कारखान्यात चोवीस तास चालणाऱ्या कुठल्याही ३२-बिट प्रोग्रामला मी हा नियम लावतो: मोठं काही असेल ते पहिल्या मिनिटात घ्या.

आता तो २जी/२जीवाला सल्ला कुठून आला असेल त्याबद्दल. आपल्याकडच्याच एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर मी एक जुनी ३२-बिट पीसी पाहिली, रॅम ४ जीबी. गळीत हंगामात प्रत्येक खेपेचे, मग ती ट्रॅक्टरची असो की बैलगाडीची, दोन-तीन फोटो आणि एक पावती अशा लहान लहान फाइली डिस्कवर साठायच्या. रात्री बॅकअप त्या सगळ्यांवरून फिरायचा आणि पहाटे ओओएम किलर डेटाबेस मारून टाकायचा. काट्यासमोर गाड्यांची रांग. ‘फ्री’मध्ये तिथेही दोन जीबीहून जास्त मोकळी. पण ओओएमचा लॉग उघडला तर पहिल्याच ओळीत मागणी ‘जीएफपी कर्नल’ची, म्हणजे कर्नलच्या स्वतःच्या कामासाठीची, आणि खाली झोनच्या ओळींत ‘नॉर्मल’ची (लोमेमची) मोकळी जागा ‘मिन’ या किमान पातळीच्याही खाली, तर ‘हायमेम’मध्ये शेकडो एमबी. स्लॅबइन्फोत (कर्नलच्या लहान नोंदींचा हिशोब) आयनोड आणि डेंट्रीचे ढीग.

यातली यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. आयनोडची नोंद लोमेममध्ये असते, पण त्या फाइलीची कॅशमधली पानं हायमेममध्ये. हायमेमला काहीच टंचाई नाही, म्हणून ती पानं काढायची कर्नलला घाई नसते. आणि पानं कॅशमध्ये आहेत तोवर आयनोड सहजी सोडला जात नाही. एका झोनची सुबत्ता दुसऱ्याचा गळा आवळते. रॅम वाढवली असती तर हे आणखी बिघडलं असतं, कारण वाढलेली सगळी रॅम हायमेममध्येच गेली असती, आणि वर प्रत्येक पानामागे लागणारी ‘स्ट्रक्ट पेज’ची नोंद पुन्हा लोमेममधूनच. तिथे एकही प्रोग्राम ६००-७०० एमबीच्या वर जात नव्हता. २जी/२जी केल्यावर लोमेम १.९ जीबीच्या आसपास गेला आणि तो हंगाम विनातक्रार पार पडला. दुखणं तिथे कर्नलच्या बाजूला होतं, म्हणून औषध लागू पडलं.

तिसरी टंचाई व्हीमॅलॉकची. कॅमेरा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर मोठी जागा मॅप करायला जातो आणि ‘डीमेसेज’मध्ये ओळ येते की अमुक आकाराचं व्हीमॅप अलोकेशन फसलं, व्हीमॅलॉक पॅरामीटर देऊन जागा वाढवा. कर्नल स्वतःच उपाय सांगतो. त्यासाठी कर्नल पुन्हा बांधायची गरज नाही, बूट लाइनमध्ये व्हीमॅलॉकचा आकार लिहिला की झालं. मात्र तेवढा लोमेम कमी होतो, आणि इथे एक खाच आहे: यूबूटने (बोर्डाचा बूटलोडर) इनिटआरडी (बूटची तात्पुरती फाइल सिस्टिम) किंवा डिव्हाइस ट्री (हार्डवेअरची यादी) रॅममध्ये वरच्या बाजूला ठेवलेला असेल आणि लोमेमची रेषा त्याच्या खाली आली, तर बोर्ड बूटच होत नाही. स्क्रीनवर काही येत नाही, सीरियल पोर्टवरही शांतता. असं झालं तर यूबूटमधले लोड ॲड्रेस खाली आणा. कॅमेऱ्याच्या डीएमए बफरसाठी (डिव्हाइस थेट लिहितो ती रॅम) सलग फिजिकल मेमरी लागते, ती सीएमएतून, म्हणजे त्यासाठीच्या राखीव साठ्यातून, येते. तो चौथा विषय आहे आणि तुमच्या लॉगमध्ये त्याची तक्रार नाही, म्हणून सोडतो.

कधी पुढेमागे स्प्लिट बदलायची वेळ आलीच तर एवढं ध्यानात ठेवा: सीमारेषेचा पत्ता कर्नल आणि मॉड्यूल बांधतानाच त्यांच्या आत पक्का बसतो. दोन्ही एकत्र, एकाच कॉन्फिगवर पुन्हा बांधावे लागतात. आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच बोर्डांबरोबर पुरवठादाराने बांधून दिलेला, सोर्स नसलेला कॅमेरा ड्रायव्हर असतो. तो जुन्या रेषेवर बांधलेला असेल तर नव्या कर्नलमध्ये लोड होऊनही चुकीच्या पत्त्यावर लिहील. तेव्हा आधी सोर्स हातात आहे का बघा, मगच ठरवा.

शॉप फ्लोअरवर विंडोजवाले मित्र बरेच आहेत, त्यांच्यासाठी दोन ओळी. ३२-बिट विंडोजमध्ये मूळ वाटणीच २जी/२जी आहे, आणि बूटच्या सेटिंगमध्ये ३ जीबीचा पर्याय देऊन ती प्रोग्रामच्या बाजूला सरकवता येते. पण प्रोग्राम ‘लार्ज ॲड्रेस अवेअर’ म्हणून बांधलेला नसेल तर त्याला २ जीबीच मिळतात.

आता ६४-बिटचा प्रश्न. नवा बोर्ड घ्यायच्या आधी हातातल्या बोर्डाचा प्रोसेसर नक्की कोणता आहे ते बघा, कारण ते तुम्ही लिहिलेलं नाही. एआरएमव्ही७ असेल तर मार्ग बंद. पण बाजारातल्या बऱ्याच बोर्डांवर प्रोसेसर एआरएमव्ही८, म्हणजे ६४-बिटचा असतो आणि पुरवठादाराने वर ३२-बिट कर्नल बसवून दिलेला असतो. तसं असेल तर फक्त कर्नल ६४-बिट करा आणि प्रोग्राम सध्या आहे तसाच ३२-बिट चालवा. बहुतेक कोअरना ते जमतं. कर्नल मग त्या ४ जीबीच्या पट्टीत बसतच नाही, त्यामुळे ३२-बिट प्रोग्रामला जवळजवळ पूर्ण ४ जीबी मिळतात, आणि लोमेम-हायमेमचं लचांडही संपतं. अडचण एकच, ड्रायव्हर ६४-बिटचे लागतील. आणि पान ४ केबीचंच ठेवा. ६४ केबीची पानं निवडली तर जुने ३२-बिट प्रोग्राम बहुधा चालणार नाहीत.

३९ की ४८? ४ केबीच्या पानांवर ३९ बिट म्हणजे पेज टेबलचे तीन स्तर आणि प्रोग्रामला ५१२ जीबी पत्ते. ४८ बिट म्हणजे चार स्तर आणि २५६ टीबी. टीएलबीमध्ये पत्ता सापडला नाही की हार्डवेअरला टेबलांतून खाली उतरत जावं लागतं, तिथे तीन स्तरांत एक पायरी वाचते. शिवाय प्रत्येक प्रोसेसमागे पेज टेबलची थोडी पानं वाचतात. २ किंवा ४ जीबी रॅमच्या, चार कॅमेऱ्यांच्या बोर्डावर ५१२ जीबी पत्ते संपण्याची शक्यता नाही. मी अशा कामाला ३९ घेतो. अनेक अँड्रॉइड फोनही ३९वरच चालत आलेत. ४८ कधी घ्यायचे? फार मोठ्या फाइली किंवा डेटाबेस पूर्ण मॅप करायचे असतील तेव्हा, किंवा बोर्डाची फिजिकल मेमरी पत्त्यांच्या नकाशात इतकी विखुरलेली असेल की कर्नलचं सरळ मॅपिंग ३९ बिटांत मावत नाही तेव्हा. डेस्कटॉप-सर्व्हरच्या डिस्ट्रिब्युशनचा तयार कर्नल घेतलात तर तो बहुधा ४८चाच असेल. तेवढ्यासाठी तो पुन्हा बांधत बसू नका, फरक तुम्हाला मोजूनही जेमतेम दिसेल.

जास्त बिट म्हणजे जास्त चांगलं, असं मात्र समजू नका. एक्स८६ वर लिनक्सने ४.१४ या आवृत्तीत, २०१७ मध्ये, पाच स्तरांची पेज टेबलं आणली आणि पत्ता ५७ बिटांचा झाला. तरीही कर्नल प्रोग्रामला आपणहून ४७ बिटांच्या वरचा पत्ता देत नाही. प्रोग्रामने एममॅपला तसा इशारा दिला तरच देतो. कारण काही जेआयटी इंजिनं (प्रोग्राम चालू असतानाच त्याचा मशीन कोड बनवणारी) पॉइंटरच्या वरच्या रिकाम्या बिटांत स्वतःच्या खुणा साठवत होती, आणि पत्ता तिथपर्यंत गेला असता तर ती मोडली असती. तुमच्याही कोडमध्ये पॉइंटर ३२-बिट इंटिजरमध्ये साठवलेला कुठे आहे का, हे ६४-बिटला जाण्याआधी शोधा. पीएलसीच्या जुन्या लायब्रऱ्यांमध्ये हे हमखास सापडतं.

तूर्त स्टॅक ५१२ केबी आणि फाइलीची खिडकी ६४ एमबी, एवढे दोन बदल करून एक पूर्ण शिफ्ट चालवा आणि शेवटी व्हीएमपीक बघा. माझ्या हिशोबाने तो ८५० ते ९०० एमबीच्या आसपास यायला हवा. दीड जीबीच्या वर दिसला तर फाइलीचं जुनं मॅपिंग कुठेतरी सुटायचं राहतंय, म्हणजे म्युनमॅप नीट होत नाहीये. तसं असेल तर शिफ्टच्या सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन मॅप्स फाइली इथे टाका, कोणती ओळ वाढत गेली ते बघून सांगतो.